पुणे-नागपूर विमानाने किती दूर?

पुण्याचे लोहगाव आणि नागपूरचे सोनेगाव, या दोन विमानतळांमधले हवाई अंतर सुमारे ६०५ किलोमीटर आहे. प्रवासी जेट विमान उंचावर तासाला साधारण ८३० किलोमीटर वेगाने जाते. भागाकार केला तर उत्तर पाऊण तास येते. तिकिटावर मात्र सव्वा ते दीड तास लिहिलेला असतो. मधली मिनिटे जातात कुठे?

गैरसमज : अंतराला वेगाने भागले की वेळ मिळतो.
वस्तुस्थिती : तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून ते उतरून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणे आणि तिथली रांगही त्यातच आली. शिवाय पूर्ण वेग मिळतो तो उंचावरच. चढायला वीसेक मिनिटे लागतात आणि उतरायलाही जवळपास तेवढीच. पुणे-नागपूरसारख्या मार्गावर निम्म्याहून अधिक अंतर चढण्या-उतरण्यातच सरते.

गैरसमज : विमान सरळ रेषेत जाते.
वस्तुस्थिती : विमान वाऱ्याला तोंड करून उडते आणि उतरते. लोहगावची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. वारा पश्चिमेचा असेल तर नागपूरला निघालेले विमानही आधी पश्चिमेकडे झेपावते आणि मग वळते. पुढे ठरलेले हवाई मार्ग आणि नियंत्रण कक्षाच्या सूचना पाळाव्या लागतात. लोहगाव हवाई दलाचा तळ असल्याने लढाऊ विमानांच्या सरावाचाही विचार करावा लागतो.

गैरसमज : पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून नागपूरला जाताना जास्त वेळ लागतो.
वस्तुस्थिती : पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते, त्यामुळे हा हिशेबच लागू होत नाही. फरक पडतो तो वाऱ्याने. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे वारे जोरदार असतात. ते नागपूरला जाताना पाठीशी असतात, परतताना समोरून येतात.

गैरसमज : विमान वेळेआधी पोहोचले, म्हणजे वैमानिकाने वेग वाढवला.
वस्तुस्थिती : विमान कंपन्या वेळापत्रकातच थोडी जादा मिनिटे धरतात. रांग लागली नाही आणि उतरण्याची परवानगी लगेच मिळाली, तर तीच मिनिटे वाचतात.

गैरसमज : पंख्याच्या विमानाला फार उशीर लागतो.
वस्तुस्थिती : एटीआर हे पंख्याचे विमान तासाला पाचशे किलोमीटरच्या आसपास जाते. तरी मुंबई-कोल्हापूर या सुमारे ३१० किलोमीटरच्या टप्प्यावर जेटच्या तुलनेत दहा-पंधरा मिनिटांचाच फरक पडतो, कारण एवढ्या अंतरात जेटलाही पूर्ण वेगाने फार वेळ उडता येत नाही. एटीआरला धावपट्टीही कमी लांबीची चालते आणि इंधनही कमी लागते. लहान शहरांच्या मार्गांवर ते दिसते ते म्हणूनच.

गैरसमज : विमान म्हणजे दीड तासात नागपूर.
वस्तुस्थिती : देशांतर्गत उड्डाणाचे चेक-इन साधारण तासभर आधी बंद होते, म्हणून दोन तास आधी पोहोचावे लागते. उतरल्यावर सामानासाठी अर्धा तास धरला, तर विमानतळात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत चार तास होतात. घरापासून लोहगावपर्यंतची वाहतूक वेगळीच. रस्त्याने सातशेहून अधिक किलोमीटर कापण्यापेक्षा विमान तरीही वेगवान ठरते. पण नागपुरात दुपारी दोनची बैठक असेल, तर बाराला उतरणारे विमान पकडावे.