तांब्याच्या वाटा

तीन फेजपैकी एक गेला की विहिरीवरची मोटार घोंघावते, तापते आणि वेळीच बंद झाली नाही तर जळते. ऐन पाण्याच्या पाळीला मोटार जळणे म्हणजे काय, हे धाराशिव जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. हे टाळणाऱ्या सिंगल फेज प्रिव्हेंटरची पेटी उघडली, तर आत एक छोटी पाटी दिसते. तिच्यावर तांब्याच्या बारीक वाटांनी सगळे सुटे भाग एकमेकांना जोडलेले असतात. हाच छापील सर्किट बोर्ड, म्हणजे पीसीबी.

या वाटा आखायच्या कशा? एके काळी पारदर्शक फिल्मवर काळ्या चिकटपट्ट्या आणि गोल टिकल्या डकवून मोठा नकाशा करीत. छायाचित्राने तो लहान करून तांब्याचा थर असलेल्या पाटीवर उतरवीत आणि नको असलेले तांबे फेरिक क्लोराइडमध्ये विरघळवीत. एक वाट चुकली, की पट्ट्या सोलून पुन्हा मांडणी!

पुढे हे काम संगणकावर आले. पण त्यासाठीच्या सॉफ्टवेअरची किंमत सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरची होती. १९९२ साली फ्रान्समध्ये ज्यां-पिएर शारास यांनी 'किकॅड' लिहायला घेतले. ते आज कोणालाही मोफत मिळते. मुंबईच्या आयआयटीतील 'फॉसी' प्रकल्पाने त्याला 'एनजीस्पाइस'ची जोड देऊन 'ईसिम' तयार केले. बोर्ड बनवण्याआधीच सर्किट कसे वागेल, हे त्यात पडद्यावर पाहता येते. म्हणजे धाराशिवच्या मुलीनेही घरच्या संगणकावर नकाशा करावा आणि त्याच्या फायली बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याला पाठवाव्यात.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. दोन वाटांत ठरवलेले अंतर आहे की नाही, हे संगणक डोळ्यांत तेल घालून तपासतो. पण ते किती असावे, हे माणसानेच सांगायचे असते. प्रिव्हेंटरमध्ये ४१५ व्होल्टची वाट आणि नाजूक चिपची वाट एकाच पाटीवर नांदतात. अंतर कमी पडले, तर साचलेली धूळ आणि पावसाळ्यातली ओल मिळून वीज भलत्या वाटेने जाते. ही पेटी कुठल्या पत्र्याच्या खोपटात टांगली जाणार, तिथे किती धूळ, किती ऊन, हे सॉफ्टवेअरला ठाऊक नसते. ज्या मुलीच्या वडिलांच्या मळ्यात ती टांगलेली आहे, तिला ते पुरते ठाऊक असते.