वृद्ध मांजराचे पोट बिघडल्यास

सातारा व सांगली जिल्ह्यांत ज्वारी, गहू, भुईमूग, हळद इत्यादी माल पुष्कळ शेतकरी राहत्या घरातच साठवितात. उसाची तोडणी झाली म्हणजे फडातील उंदीर वस्तीकडे वळतात. अशा वेळी घरचे मांजर धान्याची राखण करते. तेच मांजर वृद्ध झाल्यावर त्याच्या दुखण्याकडे दुर्लक्ष होते. वास्तविक त्याचे पोट बिघडणे ही कधी कधी घरातील माणसांनाही सूचना असते. कारण जे विष मांजराच्या पोटात गेले, ते मुलांच्या हाती लागण्याजोग्या जागी असू शकते.

वृद्ध मांजरास धोका अधिक का?

मांजर १० ते ११ वर्षांचे झाले म्हणजे त्यास वृद्ध समजावे. या वयात मूत्रपिंडे दुर्बल झालेली असतात. त्यामुळे वांती व जुलाब यांनी शरीरातील पाणी कमी झाल्यास प्रकृती झपाट्याने खालावते. तरुण जनावराची कातडी चिमटीत धरून पाणी कमी झाल्याचे ओळखता येते; परंतु वृद्ध मांजराची कातडी मुळातच सैल असल्याने ही परीक्षा फसवी ठरते. त्याऐवजी हिरड्यांना बोट लावून पाहावे. त्या चिकट व कोरड्या लागल्यास पाणी कमी झाले आहे असे समजावे.

नेहमीची कारणे

१. दूध : मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना दुधातील साखर पचत नाही व जुलाब होतात.
२. उरलेला रस्सा : कांदा-लसूण मसाल्याने पोट तर बिघडतेच, शिवाय कांदा व लसूण यांमुळे मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात.
३. जंत : उंदीर व पिसवा यांच्यामार्फत पट्टकृमी होतात.
४. जुनाट रोग : मूत्रपिंडाचा विकार अथवा गळ्यातील अवटु ग्रंथीचा विकार असल्यास वांत्या वारंवार होतात व वजन घटते.

विषबाधा कशी ओळखावी?

झिंक फॉस्फाईड हे काळसर विष शेतातील उंदरांसाठी वापरतात. ते पोटात गेल्यास वांतीला बहुधा लसणासारखा वास येतो. अशा मांजरास अन्न देऊ नये. अन्नाने जठरातील आम्ल वाढून विषारी वायू अधिक निर्माण होतो. हा वायू माणसासही घातक असल्याने दारे-खिडक्या उघडाव्यात, वांती हुंगू नये आणि मांजरास तत्काळ दवाखान्यात न्यावे.

ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांचा परिणाम काही दिवसांनी दिसतो. विष खाल्लेला उंदीर खाल्ल्यानेही ही बाधा होऊ शकते. हिरड्या फिकट पडणे, नाकातून रक्त येणे, काळी विष्ठा होणे ही तिची लक्षणे होत. जीवनसत्त्व के-१ हा यावरील उतारा असून तो पशुवैद्यकाने द्यावयाचा असतो.

गुरांच्या गोचिडांवर फवारावयाची काही औषधेही मांजरास विषारी असतात. अंगावर पडलेले औषध चाटल्यास लाळ गळते व कंप सुटतो. हे लक्षण दिसताच पशुवैद्यकास दाखवावे.

घरगुती उपचार

वांती एक-दोन वेळाच झाली असून मांजर सावध असेल, तर पुढीलप्रमाणे करावे :

१. स्वच्छ पाणी उथळ भांड्यात, थोडे थोडे व वारंवार ठेवावे. ते बळजबरीने तोंडात ओतू नये. श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.
२. मीठ, मसाला, कांदा व लसूण न घालता शिजविलेली कोंबडी किंवा उकडलेले अंडे चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे.
३. उबदार, शांत जागा द्यावी. वांती, विष्ठा व लघवी यांवर लक्ष ठेवावे.

काय करू नये?

"लंघन केले की पोट सुधारते" हा समज मांजराच्या बाबतीत घातक आहे. दोन-तीन दिवस अन्न न मिळाल्यास, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून प्राणावर बेतते. माणसांची औषधे मुळीच देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

दवाखान्यात केव्हा न्यावे?

चोवीस तासांत उतार न पडल्यास, अन्न पूर्ण सोडल्यास, वांतीत वा विष्ठेत रक्त दिसल्यास अथवा विषाची शंका आल्यास विलंब न करता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. विषाचे वेष्टन सोबत न्यावे. बोका वारंवार कुंथत असल्यास त्यास बद्धकोष्ठ समजू नये. लघवी अडली असण्याचा संभव असतो व त्यात थोड्या अवधीत मृत्यू ओढवतो. सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

ग्रामसेवकांनी गावात उंदीरनाशक मोहीम घेण्यापूर्वी घरोघर सूचना द्यावी. विष कुलुपात ठेवावे, आमिष झाकलेल्या जागी मांडावे आणि मेलेले उंदीर रोज सकाळी वेचून खोल पुरावेत. एवढी दक्षता घेतल्यास धान्य वाचेल, मांजर वाचेल आणि घरातील मुलेही सुरक्षित राहतील.