पाहुण्याचा रुपया गावात किती राहतो?

कार्तिकीला आळंदीत लाखो वारकरी येतात, म्हणून लाखोंची कमाई, असं आपण धरतो. पण माणसं मोजली म्हणजे खर्च मोजला असं नाही.

घारापुरी बेट घ्या. लेणी बघायला येणारे बहुतेक जण गेटवेहून बोटीनं येतात, संध्याकाळी परततात. तिकिटाचे पैसे मुंबईतच दिले जातात. बेटावर सुटतात ते जेवण, सरबत, माळांचे. माळाही मुंबईहून आणल्या तर बेटावर राहतो फक्त नफा.

आमच्या चाकणच्या गटानं आळंदीच्या स्टॉलवर वही ठेवली. दर दहाव्या गिऱ्हाइकाला विचारायचं, "माउली, आज कशावर किती खर्च झाला?" परतताना विचारावं, सकाळी निम्माच आकडा येतो. आमचा लाडू 30 रुपयांचा, त्यात 18 बाजाराला गेले. यंदा शेंगदाणे गटातल्याच बायकांच्या शेतातले घेतोय.