जुळ्या तारांची युक्ती

मुलांनो, तारेतून धावणाऱ्या संदेशात शेजारच्या विजेचा गोंगाट मिसळतो. तो वगळावा कसा? १८८१ साली अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी टेलिफोनसाठी दोन तारा एकमेकींभोवती पिळण्याची युक्ती योजिली. त्यामुळे गोंगाट दोहींवर सारखाच पडतो.

आजच्या संगणकातील इवलीशी चिपही अशाच जोडीतून संदेश पाठविते. ती एका तारेवरील विजेचा दाब वाढविते, तेव्हाच दुसरीवरील तितकाच घटविते. समजा, एकीवर ५ व दुसरीवर ३ आहे. ४ चा गोंगाट आला, तर ९ व ७ होतील; वजाबाकी मात्र २ च! पलीकडची चिप ही वजाबाकीच वाचते.

म्हणून सुमारे ०.३५ व्होल्टचा फरकही पुरतो. फरक अल्प, म्हणून तो त्वरित पालटतो. एका सेकंदात कोट्यवधी चिन्हे जातात आणि वीजही वाचते.