डेम्लोच्या वाटेवरची मूळ संख्या

१२३४५६७८९१०९८७६५४३२१ ही वीस अंकी संख्या मूळ आहे. एकपासून दहापर्यंत चढायचे आणि पुन्हा एकपर्यंत उतरायचे, एवढीच तिची रचना. इतकी मोठी आणि तरीही एकदा ऐकून पाठ होणारी मूळ संख्या विरळाच.

या रचनेचे गोत्र डोंबिवलीचे. टिटवाळ्याहून मुंबईकडे निघाले की कल्याण, ठाकुर्लीनंतर हे स्टेशन लागते, जी.आय.पी. रेल्वेच्या काळात ते ‘डेम्लो’ होते. डहाणूत १९०५ साली जन्मलेले, ठाण्यात शिकलेले आणि पुढे देवळालीत शिक्षक असलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना तिथे एक संख्याकुळ सुचले. त्याला त्यांनी स्टेशनचेच नाव दिले. त्या कुळातल्या सर्वांत देखण्या संख्या म्हणजे १२१, १२३२१, १२३४३२१ अशा. ११, १११, ११११ यांचे वर्ग. १२३४३२१ मधले डावीकडचे १२३ आणि उजवीकडचे ३२१ मिळवले की ४४४ येतात, आणि मधला अंकही ४ च.

वर्ग असल्यामुळे यांतली एकही संख्या मूळ असू शकत नाही. नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. त्याचे मूळ अवयव ३, ३७ आणि ३३३६६७. दहा एकांच्या वर्गात हातचे येतात आणि चढणीवरचा ८ गळतो: १२३४५६७९००९८७६५४३२१. हातच्याची पर्वा न करता मधे सरळ १० लिहिले, की वर्गाचे बंधन सुटते. मग मिळणारी संख्या मूळ निघावी असा काही नियम नाही. ती निघाली, इतकेच.

या वीस अंकी संख्येच्या शेवटी १ आहे, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ९१, म्हणून ३ बाद. ७, ११ आणि १३ यांचा गुणाकार १००१ असल्याने तिघांचा निकाल एकदम लागतो. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून आळीपाळीने बेरीज-वजाबाकी करायची: ३२१ − ६५४ + ९८७ − ९१० + ६७८ − ३४५ + १२ = ८९. ८९ ला या तिघांपैकी कोणीच भागत नाही. पण भागाकाराच्याच वाटेने जायचे तर संख्येच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे सुमारे ३५१ कोटींपर्यंत जावे लागेल आणि त्या टप्प्यात सोळा कोटींहून अधिक मूळ संख्या आहेत. कागदावर हे अशक्य, संगणकाला सोपे.

शेवटचे दोन अंक २१ असल्याने चाराने भागल्यावर बाकी १ उरते. फर्माच्या प्रमेयानुसार अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, आणि तीही एकाच प्रकारे.

दहाऐवजी अकरा, बारा असे शिखर वाढवत गेले, तर पुढचा उमेदवार थेट २४४६ वर भेटतो. श्यामसुंदर गुप्ता यांनी ती संख्या २०१५ साली ‘संभाव्य मूळ’ म्हणून जाहीर केली. तिच्यात १७,३५० अंक आहेत.