पंचाहत्तर हजारांत घरी जोडलेला गेमिंग कॉम्प्युटर

मंडळी, हा लेख खास आपल्या मंडळातल्या तरुण मुलामुलींसाठी आहे. पण घरातल्या मोठ्यांनीही वाचावा, कारण पैसे शेवटी त्यांच्याच खिशातून जातात!

आमच्या बुऱ्हाणपूरच्या घरी पहिला ‘गेमिंग’ कॉम्प्युटर आला तो २०२१ साली. शाळा ऑनलाइन होती आणि धाकट्या भावाने हट्टच धरला होता. बाबांचे चार माग आहेत. शेडचे पत्रे बदलायला ठेवलेले अठ्ठेचाळीस हजार त्यांनी त्याला दिले. एका दुकानदाराने असेम्बल करून दिलेला डबा घरी आला. काचेचं झाकण, आत लाल-निळे दिवे, सगळी गल्ली बघायला आली होती. पण गेम लावला की चित्र अडखळायचं. वर्षभरात, मे महिन्यातल्या एका दुपारी, लाइट जाऊन परत आली तेव्हा आतून फट्ट असा आवाज झाला आणि जळका वास सुटला. ते पत्रे त्या पावसाळ्यातही गळत होते. बाबा काही बोलले नाहीत. पण भावाने त्यानंतर घरात काही मागणंच सोडलं.

जळायच्या थोडं आधी मी त्यावर जीपीयू-झेड नावाचा छोटा फुकट प्रोग्राम चालवून पाहिला होता. डब्यावर आणि बिलाच्या कच्च्या चिठ्ठीवर ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०५० टीआय लिहिलेलं होतं. प्रोग्रामने मात्र नावाआधी ‘फेक’ असा शिक्का दाखवला. आत २०११ सालच्या जीटीएक्स ५५० टीआयची चिप होती. तिच्यातला प्रोग्राम बदलून तिला नवं नाव चिकटवलं होतं. हे सगळ्या देशात झालेलं आहे. त्या काळात कार्डांची टंचाई होती, क्रिप्टो मायनिंगवाले कार्डं उचलत होते आणि जुना माल नव्याच्या नावाने खपत होता.

मी इंदूरला नोकरी करते. २०२४च्या सुरुवातीला ठरवलं, की यावेळी डबा आपणच जोडायचा. माझे चाळीस हजार, भावाने लग्नपत्रिका आणि बॅनर डिझाइन करून जमवलेले पंधरा हजार. उरलेले वीस बाबांकडे मागायचे होते. ते काम माझ्यावर आलं.

बाबांनी एकच विचारलं, “मागच्या वेळी नेमकं काय चुकलं ते तुला सांगता येईल का? येत असेल तर घे.”

म्हणून मी आधी चुकलेलं शिकले, मग यादी केली.

आधी पडदा ठरवा

बहुतेक मुलं कार्डापासून सुरुवात करतात. खरं तर सुरुवात मॉनिटरपासून करावी. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर साधारण २०.७ लाख ठिपके असतात, २५६० बाय १४४० वर ३६.९ लाख. म्हणजे प्रत्येक चित्रासाठी कार्डाला जवळजवळ पावणेदोन पट काम. आमचं बजेट पंचाहत्तर हजार, म्हणून १०८० चा २४ इंची, १४४ हर्ट्झचा आयपीएस मॉनिटर ठरवला. हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा. एक गंमत सांगते. मॉनिटर जोडला तरी विंडोज पुष्कळदा तो ६० वरच चालवतं. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन १४४ निवडावं लागतं. महागडा मॉनिटर घेऊन दोन-दोन वर्षं ६० वर खेळणारे महाभाग मी पाहिलेत.

कार्ड आणि प्रोसेसर यांची जोडी

बाबांना हे समजावताना सोपं गेलं. माग कितीही वेगाचा असला, पण कांड्या भरून देणारा मागे पडला तर माग उभाच राहणार. तसंच प्रोसेसर आणि कार्डाचं आहे. एकावर सगळा पैसा ओतून उपयोग नाही. आमच्यासारख्या बजेटमध्ये मॉनिटर सोडून उरलेल्या रकमेचा साधारण तिसरा हिस्सा ग्राफिक्स कार्डाला द्यावा, थोडा जास्त गेला तरी चालेल.

आम्ही एएमडीचं आरएक्स ६६०० घेतलं. ८ जीबी मेमरी, १०८० साठी पुरेसं, आणि वीज फक्त १३२ वॅट. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० त्याहून जोरकस आणि ११५ वॅटचंच, पण बजेटच्या बाहेर जात होतं. भाऊ ब्लेंडरवर जास्त काम करणार असता तर मात्र मी ओढाताण करून एनव्हिडियाच घेतलं असतं, कारण त्या कामात त्यांची कार्डं पुढे आहेत.

प्रोसेसर रायझन ५ ५६००. सहा कोअर, बारा थ्रेड, सोबत पंखा मिळतो. इथे एक सापळा आहे. दुकानात ५५०० स्वस्तात पुढे करतात आणि “शंभराचाच फरक आहे” म्हणतात. पण ५६०० मध्ये ३२ एमबी कॅश आहे, ५५०० मध्ये १६. शिवाय ५५०० पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीवरच चालतो. गेममध्ये हा फरक जाणवतो. इंटेलचा आय५ १२४००एफ हाही याच तोडीचा आहे. त्यातल्या ‘एफ’चा अर्थ, प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही. ५६०० मध्येही नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे!

मदरबोर्ड बी५५० घेतला. हे बोर्ड २०२० साली आले, ५६०० आला २०२२ मध्ये. जुना पडून राहिलेला बोर्ड मिळाला तर तो नवा प्रोसेसर ओळखत नाही, त्याचं बायोस अपडेट करावं लागतं. म्हणून घेतानाच विचारून घ्या. काही बोर्डांवर नुसत्या पेन ड्राइव्हने हे काम करायचं बटण असतं, तसा मिळाला तर उत्तम.

रॅम आणि डिस्क

रॅम १६ जीबी, पण ८-८ च्या दोन पट्ट्या. दोन पट्ट्यांमुळे दोन्ही वाटांनी माहिती ये-जा करते. एकच १६ ची पट्टी लावली तर वेग कमी पडतो. चार खाचा असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरी आणि चौथी. आणि ३२०० ची रॅम आणली म्हणून ती ३२०० वर चालेलच असं नाही. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करावं लागतं.

डिस्क १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी. आजकालचे मोठे गेम शंभर-शंभर जीबीचे असतात, ५०० जीबी लगेच भरते.

बाबांचा विषय: एसएमपीएस

यादीत मी एसएमपीएससाठी अडीच हजार लिहिले होते. बाबांनी चष्मा वर करून विचारलं, “मागच्या वेळी जळलं काय?”

“एसएमपीएस.”

“मग तिथेच पैसे का वाचवतेस?”

तीस वर्षं मोटारी आणि स्टार्टर सांभाळलेला माणूस! मी गप्प बसून आकडा बदलला. हिशेब असा: प्रोसेसर ६५ वॅट, कार्ड १३२, बोर्ड-डिस्क-पंखे धरून सगळं मिळून तीनशेच्या आत. तरी ५५० वॅटचा घेतला, म्हणजे पुढे मोठं कार्ड आलं तरी चालेल. ‘८० प्लस ब्रॉन्झ’ ही खूण वीज किती वाया जाते ते सांगते. जास्त व्होल्टेज किंवा शॉर्ट सर्किट झालं तर तो स्वतःहून बंद पडतो का, हे वेगळं बघावं लागतं. डब्यावर ओव्हीपी, ओपीपी, एससीपी ही अक्षरं आणि पाच वर्षांची वॉरंटी पाहून घेतला. नुसते ‘४५० वॅट’ असे मोठे अक्षर छापलेले हलके डबे घेऊच नका.

मे महिना आणि तूस

आमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. खोलीतली हवाच तापलेली, तिथे कॅबिनेटला बंद काच पुढे असेल तर आतलं सगळं भाजून निघतं. म्हणून पुढून जाळी असलेलं कॅबिनेट घ्या. पुढे दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा. आपल्या कुंडी भंडाऱ्यात १६१५ सालापासून पाणी नुसत्या उतारावर वाहतंय, वाट नीट करून दिली की झालं! हवेचंही तसंच, पुढून आत आणि मागून-वरून बाहेर, मध्ये वायरींचा गुंता नको.

दुसरा शत्रू तूस. माग घराला लागून असल्यामुळे सुताचा तूस सगळीकडे. जुन्या डब्याच्या पंख्यावर गोधडी तयार झाली होती. आता दर महिन्याला पहिल्या रविवारी वीज बंद करून, प्लग काढून, जाळी धुतो आणि आत ब्लोअर मारतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भरधाव फिरून खराब होतं.

हिशेब

आम्ही काही भाग इंदूरला जेल रोडच्या बाजारातून आणि काही ऑनलाइन घेतले. प्रत्येकाचं पक्कं जीएसटी बिल, सिरीयल नंबरसकट. आम्हाला पडलेले भाव असे:

प्रोसेसर: १२,५००
मदरबोर्ड: १०,५००
रॅम: ३,८००
ग्राफिक्स कार्ड: २२,०००
एसएसडी: ५,५००
एसएमपीएस: ४,७००
कॅबिनेट पंख्यांसह: ४,५००
मॉनिटर: ११,०००
एकूण: ७४,५०० रुपये

कीबोर्ड-माउस जुनेच. विंडोजच्या लायसन्सचा खर्च वेगळा धरा. आणि हे भाव आज तसेच मिळतील असं समजू नका. २०२५च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्यामुळे रॅम एकदम महागली. त्यामुळे ज्या आठवड्यात घ्यायचं त्याच आठवड्यात भाव काढा. हातात आणखी दहा-पंधरा हजार असतील तर एएम५ बोर्ड आणि डीडीआर५ रॅमकडे जा. एएमडीने एएम५ ला निदान २०२७ पर्यंत साथ द्यायचं सांगितलंय, म्हणजे पुढे नुसता प्रोसेसर बदलता येईल. आमच्या एएम४ चा प्रवास जवळपास संपलेला आहे, हे आम्ही जाणूनच घेतलं.

जोडणीचा रविवार

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली, मग बोर्डाला हात. प्रोसेसरवरचा सोनेरी त्रिकोण खाचेवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा, वरून दाब द्यायचा नाही, तो आपोआप बसतो. रॅम मात्र कट्ट आवाज येईपर्यंत दाबायची. भाऊ जोडत होता, मी वाचून दाखवत होते. आई मधूनच म्हणायची, “आता पोळ्या कुठे लाटू?”

दीड वाजता बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले. पडदा काळाच.

बाबा मागे उभे होते. भावाचा चेहरा पांढरा पडला. रॅम काढून परत लावली, कार्ड काढून परत लावलं, कार्डाची आठ पिनांची वायर तपासली. काहीच नाही. अर्धा तास गेला. भाऊ हळूच म्हणाला, “ताई, पुन्हा बाबांचे पैसे बुडवले ना मी?”

बाबांनी ते ऐकलं. पुढे आले, वाकून मागची बाजू बघितली आणि म्हणाले, “ही पडद्याची वायर वर लावलीस. कार्ड तर खाली आहे. मग त्या महाग कार्डाचा उपयोग काय?”

एचडीएमआय वायर मदरबोर्डच्या खाचेत होती. आणि आमच्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, हे मीच यादीत लिहिलं होतं! वायर खाली कार्डाला लावली आणि पडद्यावर बोर्डाचं नाव उमटलं.

विंडोज पडल्यावर भाऊ गेम उतरवायला लागला, तर बाबा म्हणाले, “थांब. आधी ते तपासायचं लाव.” जीपीयू-झेड लावलं. आरएक्स ६६००, ८ जीबी, शिक्का नाही. बाबांनी खुर्ची ओढून घेतली आणि बसून एकेक ओळ विचारली. मग भावाला म्हणाले, “त्या वेळी तू तेरा वर्षांचा होतास. बिल बघायचं काम माझं होतं.”

उरलेल्या पाचशेत संध्याकाळी मावा जिलेबी आली. पुढच्या आठवड्यात बाबा स्वतःच ११०० व्हीएचा यूपीएस घेऊन आले. ६०० व्हीए म्हणजे सहाशे वॅट नव्हे, साधारण ३६० वॅटच, हे त्यांनीच मला सांगितलं. ते पैसे त्यांनी हिशेबात धरू दिले नाहीत.

तर मुलांनो, पक्कं बिल घ्या, सगळे डबे वॉरंटी संपेपर्यंत जपून ठेवा, आणि पहिल्याच दिवशी कार्ड तपासा. आणि यादी झाली की एकदा घरातल्या मोठ्या माणसाला दाखवा. त्यांना रॅम कळणार नाही कदाचित, पण कुठे पैसे वाचवू नयेत हे नक्की कळतं.