बर्फावरची अंधारी टपरी

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात विनेबेगो नावाचं तळं आहे. पसारा साडेपाचशे चौरस किलोमीटरचा, खोली मात्र जेमतेम एकवीस फूट. हिवाळ्यात ते गोठतं आणि फेब्रुवारीत त्यावर रातोरात एक गाव वसतं. लाकडी फळ्या, पत्रे, जुनी दारं, जे हाताला लागेल त्यातून ठोकलेल्या टपऱ्यांचं गाव. तिकडे या टपरीला ‘शँटी’ म्हणतात. बहुतेक शँट्या बांधणाऱ्यांनी आर्किटेक्टचं तोंडही पाहिलेलं नसतं, आणि ते बरंच झालं. कारण ही वास्तू दिसण्यासाठी नाही, पाण्यात पाहण्यासाठी आहे.

गोठलेल्या तळ्यावर मासेमारी उत्तरेत सगळीकडेच चालते. शेजारच्या मिनेसोटात तर आता चाकांवरची, पलंग-शेगडीसकट घरं कारखान्यात तयार मिळतात. विनेबेगोची टपरी त्या मानानं गरीब, पण डोक्यानं तल्लख. या टपरीत गळ टाकत नाहीत. इथे स्टर्जन हा महाकाय मासा भाल्यानं मारतात.

टपरीला खिडकी नसते. असलीच तर झाकून टाकतात, फटी बुजवतात, आतून काळा रंग देतात. जमिनीत झडप असते आणि तिच्याखाली बर्फात कापलेलं चौकोनी भोक. नियमानं ते जास्तीत जास्त अठ्ठेचाळीस चौरस फुटांचं, म्हणजे माणूस सहज आत पडेल एवढं. दार लावलं की आत मिट्ट काळोख होतो आणि भोकातलं पाणी हिरवट उजळतं. आजूबाजूच्या बर्फातून झिरपलेला दिवसाचा उजेड पाण्यात पसरलेला असतो. आत अंधार असल्यानं पृष्ठभागावर काहीच चमकत नाही आणि नजर थेट तळापर्यंत पोचते. दिवा, काच, वीज, काही लागत नाही. पाहण्याचं यंत्र म्हणजे अंधार!

तळ चिखलाचा, मासाही काळपट. मग तो दिसायचा कसा? लोक तळाशी बटाट्याच्या चकत्या, अंड्यांची टरफलं, मक्याचे दाणे, कधी पांढऱ्या ताटल्या टाकतात. त्या पांढऱ्यावरून काळी सावली सरकली की समजायचं. माशाला जवळ खेचायला हातानं कोरलेले, रंगवलेले लाकडी मासे दोरीनं सोडतात. घरोघरी त्यांचे नमुने वेगळे, आणि कोणता चालतो यावर एकमत होणं शक्य नाही. भाला मात्र सगळ्यांचा एकाच तत्त्वावरचा: जड, आणि काटेरी टोक दांड्यापासून सुटणारं. टोक माशात रुतलं की दांडा निखळतो आणि पुढची झुंज दोरीवर होते. 2010 मध्ये इथे निघालेला सर्वांत मोठा मासा 212.2 पौंडांचा, म्हणजे सुमारे 96 किलोचा होता. तो टपरीच्या दारातून बाहेर काढतानाची ओढाताण कल्पनेनंच पाहिलेली बरी.

भोक कापायला लांब पात्याची करवत लागते. बर्फाचा कापलेला ठोकळा वर ओढणं म्हणजे कमरेचे हाल, म्हणून अनेक जण तो बांबूसारख्या लांब दांड्यांनी खाली दाबून शेजारच्या बर्फाखाली ढकलून देतात. टपरी हलवली की मोकळ्या भोकावर पातळ पापुद्रा धरतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा जीव जाऊ शकतो, म्हणून तिथे खूण रोवतात.

रस्त्यांची व्यवस्थाही अशीच घरगुती. वाऱ्यानं बर्फाला तडे जातात, कधी कधी रुंद होतात. तळ्याकाठचे मासेमारी क्लब थोडी वर्गणी घेऊन त्या तड्यांवर पूल टाकतात, बर्फ सरकवून वाट करतात आणि तिच्या कडेनं नाताळनंतर टाकून दिलेली झाडं रोवत जातात. धुक्यात, हिमवादळात ती झाडंच वाट दाखवतात. सरकारी रस्त्यांवर इतकी काळजी घेतली जाते का, हा प्रश्न इथे न विचारलेलाच बरा.

एवढ्या खटाटोपानंतर बहुतेक जण रिकाम्या हातानं घरी जातात. हंगाम फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी सुरू होतो आणि फार तर सोळा दिवस चालतो. भाला मारायची वेळ सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंतच. ठरलेला कोटा भरला की खेळ आधीच आटोपतो. कडकपणा उगाच नाही: मादी वीस-पंचवीस वर्षांची झाल्याशिवाय अंडी घालत नाही, आणि मग दरवर्षीही घालत नाही. गेल्या शतकाच्या सुरुवातीला मासे इतके घटले होते की 1915 मध्ये बंदी आली आणि भाल्याचा हंगाम 1932 मध्येच पुन्हा सुरू झाला. 1977 मध्ये तर भालेकऱ्यांनीच माशाच्या संवर्धनासाठी संस्था काढली. वसंतात वुल्फ नदीकाठी मासे अंडी घालायला उथळ पाण्यात येतात, तेव्हा चोरट्यांपासून त्यांची राखण करायला स्वयंसेवक रात्रंदिवस पाळ्या लावून बसतात. त्यांत भालेकरीही असतात.

अलीकडे बर्फच दगा देतो. 2024 च्या हिवाळ्यात तो इतका पातळ राहिला की मोटारी नेणं धोक्याचं झालं आणि जड लाकडी टपऱ्यांचे वांधे झाले. काहींनी मग घसरगाडीवर हलके तंबू ओढत नेले, आत काळं कापड लावलं आणि सात वाजायची वाट पाहत बसले.